दुष्काळात वारीला माणसे वाढतात की घटतात?

माणदेशी
आमच्या गावच्या दिंडीची भिशीची, म्हणजे वर्गणीची, वही सध्या माझ्याकडे आहे. गाव माण तालुक्यात, म्हसवडच्या पलीकडे. आमची दिंडी आळंदीला जात नाही. आषाढ शुद्ध पंचमीला गावातून निघून म्हसवड, पिलीव, भाळवणी अशी थेट दशमीला पंढरपुरात पोचते. वडिलांनी अनेक वर्षे वीणा वाहिली. आता गुडघ्यांनी साथ सोडल्यामुळे त्यांनी वही माझ्या हवाली केली आणि कोणाचे किती आले, ते लिहीत जा म्हणून सांगितले.

वही लाल कापडी बांधणीची आहे. सुरुवातीची काही पाने उंदरांनी खाल्ली असल्यामुळे नोंदी १९६४ पासून वाचता येतात. नाव, त्यापुढे जोंधळा किती पायली, रोख किती, आणि शेवटी 'पायी' किंवा 'घरी' असा शेरा. साधारण अठरा ते वीस माणसे दर वर्षी पायी गेलेली दिसतात. १९७२ च्या पानावर मात्र एकतीस नावे आहेत आणि धान्याच्या रकान्यात जवळजवळ सगळीकडे आडवी रेघ ओढलेली आहे. त्यानंतर चांगल्या पावसाच्या वर्षी आकडा पुन्हा खाली येतो. नव्वदीनंतर तर चित्रच पालटते. पायी जाणारे दहा-बारा उरतात, पण रोख रकमा वाढतात आणि नावापुढे मदुराई, कोईमतूर, कटक अशी गावे लागतात. ही आमच्या भागातली सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी बाहेर पडलेली माणसे. देवळाचा नवा सभामंडप त्यांच्याच पैशांतून उभा राहिला.

हलाखी आली की माणूस देवाकडे वळतो आणि चार पैसे हाती आले की विसरतो, असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. वही वरवर पाहिली तर तेच सांगते आहे असे वाटते, पण माझे मन ते मान्य करत नाही. आपापल्या घरचे, गावचे अनुभव सांगावेत अशी विनंती आहे.

टाळकरी
माणदेशी, वही जपलीत याबद्दल तुमचे आणि तुमच्या वडिलांचे कौतुक वाटते. पण एक गोष्ट स्पष्ट सांगतो. पायलीने जोंधळा मोजता येतो, भाव मोजता येत नाही. घरी राहिलेल्याच्या मनात काय होते, हे त्या 'घरी' या शेऱ्यावरून कसे कळणार?

अर्थसाधक
टाळकरी यांचा आक्षेप मला मान्य आहे, म्हणूनच धाग्याचा प्रश्न श्रद्धेबद्दलचा न मानता सहभागाबद्दलचा मानावा असे सुचवतो. श्रद्धा मनात असते, सहभागाला मात्र दिवस लागतात, पैसे लागतात आणि मागे घर सांभाळणारे कोणीतरी लागते.

मी अर्थशास्त्र शिकवतो. १९७५ मध्ये अ‍ॅझी आणि एहरेनबर्ग या दोन अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी चर्चमधील हजेरीचा विचार वेळेच्या किमतीच्या अंगाने केला होता. ज्याच्या एका तासाची मजुरी जास्त, त्याला प्रार्थनेला दिलेला तास महाग पडतो, म्हणून तो वेळेऐवजी पैसे देऊ लागतो, असा त्यांच्या मांडणीचा एक भाग आहे. कोईमतूरहून येणारी रोख रक्कम आणि 'घरी' हा शेरा यांची जोडी या मांडणीत चपखल बसते. १९७२ चे पानही बसते, कारण पेरणीच झाली नसेल तर आषाढात शेतकऱ्याचा दिवस रिकामा असतो.

दुसरा अभ्यास डॅनियल चेन यांचा, इंडोनेशियातील १९९७-९८ च्या आर्थिक संकटाचा. रुपियाची किंमत कोसळली तेव्हा ज्या कुटुंबांना जास्त झळ बसली, त्यांचा कुराण-अभ्यासाच्या वर्गांतला सहभाग वाढलेला आढळला. विशेष म्हणजे जिथे कर्ज मिळण्याची सोय होती, तिथे ही वाढ पुष्कळच कमी होती. धार्मिक समूह हा अडीअडचणीला धावून येणारा आधार असतो आणि तसा आधार दुसरीकडे मिळाला की त्याची निकड कमी होते, असा त्याचा अर्थ लावता येतो. दिंडीत घरात दाणा नसलेल्या माणसालाही पंगतीत पान मिळते, हे आपण सगळेच जाणतो. माणदेशी, त्या एकतीस जणांपैकी किती जणांच्या घरी तेव्हा दाणे होते, हे वडिलांना विचारता येईल का?

कोपीतला
मी बीड जिल्ह्यातला, पाटोदा तालुक्यातला. आई-वडिलांनी बावीस हंगाम ऊस तोडला आणि मी त्यांच्या कोपीत, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीत, वाढलो, म्हणून हे नाव घेतले आहे.

आमच्याकडे धर्माचे पंचांग साखर कारखान्याच्या पंचांगावर चालते. मुकादमाकडून उचल पावसाळ्यातच घेतलेली असते. दसरा झाला की गाड्या भरायला लागतात आणि दिवाळीच्या मागेपुढे गाव रिकामे होते. कार्तिकी एकादशी नेमकी त्यानंतर येते. वडील माळकरी होते. आषाढी त्यांनी सहसा चुकवली नाही, पण कार्तिकी त्यांना आयुष्यात दोनदाच मिळाली. पहिल्यांदा पाय मोडून ते घरी होते तेव्हा, आणि दुसऱ्यांदा तोडणी कायमची सोडल्यावर. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकाने खाडा केला तर दोघांची मजुरी बुडते आणि ती उचलीवर चढते. अर्थसाधक वेळेच्या किमतीबद्दल म्हणतात ते खरे आहे, पण आमचा वेळ महाग होता म्हणून आम्ही गेलो नाही असे नव्हे, तो आधीच विकलेला होता.

कार्तिकीच्या दिवशी वडील पहाटे तीनला उठून फडात जात. वाढे (उसाचे शेंडे) बांधता बांधता हरिपाठ म्हणत आणि दिवसभर पाण्याशिवाय काही घेत नसत. गावचा अखंड हरिनाम सप्ताह पूर्वी पौषात असे. तो चैत्रात ढकलला, तेव्हा तिथी मोडली म्हणून दोन म्हाताऱ्यांनी वाद घातला होता. त्यावर महाराजांनी एवढेच विचारले की पौषात टाळ धरायला गावात कोण आहे? तेव्हापासून सप्ताह चैत्रातच होतो.

विणेकरी
कोपीतला, तुमच्या वडिलांना माझा दंडवत सांगा.

गिरणगावचा
हलाखी आली की भक्ती वाढते, हे सूत्र आमच्या चाळीच्या बाबतीत साफ खोटे ठरले. वडील लालबागला एका गिरणीत साच्यावर होते. आमच्या मजल्यावर दर गुरुवारी भजन असे. पखवाज खात्यातल्या एका मुकादमाचा होता, पेटी वर्गणीतून घेतली होती आणि एकादशीला रात्रपाळीची माणसेसुद्धा तासभर येऊन बसत आणि मगच कामावर जात. आषाढीला आठ-दहा जण रजा टाकून पंढरपूरला जात आणि परत आले की सगळ्या मजल्याला बुक्का व लाह्या वाटत.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. पहिले काही महिने भजनाला उलट गर्दी वाढली, कारण माणसे मोकळी होती आणि एकमेकांना धीर द्यायला जागा हवी होती. संप लांबला तशी ती ओसरली. कोणी बायकामुलांना गावी पाठवले, कोणी स्वतःच शेतीवर गेले, पुढे कोणी खोली विकून नालासोपाऱ्याला किंवा बदलापूरला गेले. १९८६ च्या सुमारास आमच्या मजल्यावर पखवाज होता आणि तो वाजवणारा नव्हता. वडील नंतर एका सोसायटीत रखवालदार झाले. तिथे बारा तासांची पाळी होती आणि आठवड्याची सुट्टी नव्हती. त्यांची श्रद्धा तिळभरही कमी झाली नव्हती. केबिनमध्ये पांडुरंगाचा फोटो होता आणि त्याला रोज तुळस वाहिली जाई. पण गुरुवार गेला तो गेलाच.

म्हणून माझे म्हणणे असे की हलाखीत माणसे एका जागी राहिली तर भजन वाढते आणि हलाखीने त्यांची पांगापांग केली तर ते बंद पडते. माणदेशींच्या गावी १९७२ मध्ये माणसे गावातच होती का, हे पाहिले पाहिजे.

पुणेरी_पायवाट
मी संगणक क्षेत्रात आहे. आमच्या कंपनीतले वीसेक जण दर वर्षी आळंदी ते पुणे हा टप्पा चालतात. तीन वर्षांपासून मी पुण्याहून सासवडपर्यंतही चालतो. दिवेघाट चढताना मागे वळून पाहिले की भगव्या पताकांची ओळ दिसते आणि घसा दाटून येतो. पूर्ण वारी करायची तीव्र इच्छा आहे, पण सलग तीन आठवड्यांची रजा मागितली तेव्हा वरिष्ठांनी विचारले की घरी लग्न आहे का. माझा पगार चांगला आहे, मात्र माझे दिवस माझ्या हातात नाहीत. कोपीतला यांचे लिहिलेले वाचल्यावर स्वतःची त्यांच्याशी तुलना करायला संकोच वाटतो, तरी ही गोष्ट नोंदवावीशी वाटली.

सुमन_नातेपुते
सगळे पुरुषांच्या रजेबद्दलच लिहीत आहेत, म्हणून थोडे आमच्याबद्दल. ज्ञानोबारायांची पालखी आमच्या नातेपुत्याला मुक्कामाला असते. चाळीस वर्षे मी वारकरी बायकांना न्हाणीघर आणि चूल उपलब्ध करून देते आहे, त्यामुळे ओळखी पुष्कळ झाल्या आहेत.

पायी येणाऱ्या बायका बहुतेक पन्नाशीच्या पुढच्या असतात. 'यंदाच कशा आलात?' असे विचारले की उत्तर ठरलेले असते: सून आली. घरात दुसरा बाईचा हात आल्याशिवाय वारी घडत नाही, मग घर श्रीमंताचे असो वा मजुराचे. विधवा बायका बऱ्याच असतात. त्यातली एक मराठवाड्याची बाई निराधारांच्या अनुदानातले पैसे वर्षभर पदराच्या गाठीला बांधून भिशीपुरते साठवायची. मी एकदा तिला लुगडे देऊ केले, तर म्हणाली, 'ताई, नेसायला आहे, चपलेचा अंगठा तेवढा शिवून मिळतो का बघा.'

आणखी एक बदल डोळ्यांसमोर झाला. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट झाले, त्याआधी २०२२ मध्ये पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत झाला. तेव्हापासून एकादशीला, तुळजापूरला, जेजुरीला जाणाऱ्या बायकांच्या टोळ्याच्या टोळ्या स्टँडवर दिसतात. त्यांची भक्ती काही मार्च महिन्यात वाढली नाही. तिकिटाचे पैसे कोणाकडे मागावे लागत नाहीत, एवढाच फरक पडला.

गिरणगावचा
सुमनताई, अगदी खरे. आमची आई पहिल्यांदा पंढरपूरला गेली ती माझ्या लग्नानंतरच्या आषाढीला. माझ्या लग्नाची घाई तिला इतकी का होती, ते आज कळले!

भीमाकाठ
धागा चांगला चालला आहे, पण सहभाग ठरवणाऱ्या परिस्थितीत पैसा आणि वेळ यांच्या आधी दार येते, ते अजून कोणी बोललेले नाही. माणदेशी, तुमच्या वहीत महारवाड्यातली आणि मांगवाड्यातली नावे आहेत का?

चोखोबांची समाधी महाद्वारासमोर आहे, आत नाही. साने गुरुजींनी पंढरपुरात प्राणांतिक उपोषण केले ते १९४७ च्या मे महिन्यात, आणि त्यानंतर देऊळ अस्पृश्यांना खुले झाले. म्हणजे माझ्या आजोबांची अर्धी हयात कळसाला हात जोडण्यातच गेली. ते वारी करत. दिंडीच्या मागे अंतर ठेवून चालत आणि त्यांची भाकरी वेगळी असे. इरावतीबाई कर्वे स्वातंत्र्यानंतर वारीत चालल्या, तेव्हाही एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठे वेगवेगळे जेवत असल्याचे त्यांनी मनस्तापाने लिहून ठेवले आहे. ती तर सवर्णांमधली गोष्ट.

१४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली. आमच्या घरी ती त्यानंतर वर्षभरात झाली आणि आजोबांनी माळ उतरवून ठेवली. तुमच्या अभ्यासकांच्या तक्त्यात हे 'सहभाग घटला' असे दिसेल. प्रत्यक्षात आमच्या गावातून दर ६ डिसेंबरला चैत्यभूमीला जाणारी माणसे कधी कमी झाली नाहीत. माझी आई शेतमजूर होती. त्या तीन दिवसांची मजुरी बुडवून, तीन दिवसांच्या भाकऱ्या आणि तिळाची चटणी बांधून ती दादरला जाई आणि येताना एक तरी पुस्तक आणी. तिला स्वतःला वाचता येत नव्हते, ते आमच्यासाठी असे. गरिबीमुळे ती तिकडे गेली असे कोणी म्हटले तर मला राग येईल. मजुरी बुडवून जायला तिला गरिबी आडवी येत होती, तरी ती गेली.

टाळकरी
भीमाकाठ यांचे लिहिलेले मी तीनदा वाचले. वेगळ्या भाकरीच्या पंगतीचा जो हिशोब आम्ही कधी विचारात घेतला नाही, तो त्यांनी मांडला, त्याबद्दल आभार. त्यांच्या शेवटच्या वाक्याशी मी पूर्ण सहमत आहे.

तुकोबारायांचेच पाहा. त्या भयंकर दुष्काळात त्यांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली, व्यापार बुडाला, आणि दिवाळे निघाले ते बरेच झाले असे पुढे त्यांनीच अभंगात म्हटले. पण दुष्काळ काही एकट्या देहू गावच्या एका घरावर पडला नव्हता. लाखो माणसे होरपळली, त्यांतून तुकोबा एकच झाले. शिवाय परंपरा सांगते की घरची कर्जखते त्यांनी इंद्रायणीत बुडवली. परिस्थितीने त्यांना देवाकडे ढकलले असे म्हणायचे, तर वसुलीचा हक्क स्वतःच्या हाताने सोडून देणे कोणत्या परिस्थितीने करवले?

अर्थसाधक
टाळकरी, एका तुकोबांचे स्पष्टीकरण कोणतेही शास्त्र देऊ शकत नाही आणि द्यायचा प्रयत्नही करू नये. मी बोलतो आहे ते विसाचे एकतीस का झाले याबद्दल. आणि भीमाकाठ, तुमचा मुद्दा मी वर्गात मांडणार आहे. सहभाग म्हणजे कशातला सहभाग, हे आधी न ठरवता काढलेला आकडा फसवा असतो.

हॅम्बुर्गकर
इथे जर्मनीत धर्म आणि खिसा यांचा संबंध सरकारी कागदावर दिसतो. चर्चचा नोंदणीकृत सदस्य असलेल्या माणसाच्या आयकराच्या ९ टक्के रक्कम (बव्हेरिया व बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये ८ टक्के) चर्च-कर म्हणून कापली जाते. तो नको असेल तर सरकारी कचेरीत जाऊन सदस्यत्व सोडल्याची रीतसर नोंद करावी लागते. माझ्या एका सहकाऱ्याने घराचे कर्ज घेतल्यावर ती केली. नाताळच्या रात्री मात्र तो आईला घेऊन चर्चमध्ये जातो. पिपा नॉरिस आणि रोनाल्ड इंगलहार्ट या राज्यशास्त्रज्ञांचे म्हणणे असे की आजारपण, बेकारी, म्हातारपण यांची धास्ती जिथे शासनाने कमी केली, तिथे धर्माचरण हळूहळू ओसरते. इथे राहून ते पटते. पण अमेरिका श्रीमंत असूनही युरोपापेक्षा धार्मिक राहिली. तिथे आजारपणाची धास्ती कमी झालेली नाही, हे त्याचे एक कारण असावे असे मला वाटते.

विदर्भकन्या
एक कडू गोष्ट. परिस्थितीचा सहभागावर परिणाम होतो तसा सहभागाचा परिस्थितीवरही होतो. आमच्या भागात शेजारच्या गावाने सप्ताहाला मोठा मंडप घातला आणि नावाजलेले कीर्तनकार आणले की आपल्या गावाने त्याहून मोठे करायचे, अशी चढाओढ लागली आहे. घरपट्टीसारखी वर्गणी ठरते. माझ्या मावशीने एका वर्षी कापसाचे चुकारे यायच्या आधी व्याजाने पैसे काढून वर्गणी भरली, कारण न भरणाऱ्यांची नावे ध्वनिक्षेपकावरून वाचली जाणार होती. हा सहभाग कोणत्या रकान्यात लिहायचा?

कोपीतला
ताई, आमच्याकडेही हे शिरले होते. गावाने ठराव केला की वर्गणी ऐपतीप्रमाणे, आणि यादी वाचायची नाही. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याने काल्याच्या दिवशी वाढपाला उभे राहायचे. वडील तेच करत. वरण वाढताना त्यांचा हात सढळ असतो म्हणून पोरे त्यांचीच पंगत धरत.

माणदेशी
सगळ्यांचे वाचून दोन दिवस वडिलांपाशी वही घेऊन बसलो. त्यांचे वय एक्क्याऐंशी आहे, पण नावे वाचत गेलो तशी माणसे त्यांच्या डोळ्यांपुढे येत गेली.

अर्थसाधक, त्या एकतीसपैकी निम्म्यांच्या घरी दाणे नव्हते. वडील म्हणाले, 'पाच दिवस पाच तोंडे घरातून कमी झाली तर पोरांच्या ताटात तेवढे पडते.' गिरणगावचा, माणसे तेव्हा अजून गावातच होती. पुढच्या वर्षी, १९७३ च्या आषाढीला, आकडा बारावर आला आहे, कारण तोवर सगळे दुष्काळी कामांवर खडी फोडायला गेले होते आणि हजेरी बुडाली असती. हे पान मी आधी पाहिलेच नव्हते. एकाच दुष्काळात एका वर्षी माणसे वाढली आणि दुसऱ्या वर्षी घटली.

भीमाकाठ, तुमच्या प्रश्नाचे उत्तर देताना मान खाली जाते. मांगवाड्यातले एकच नाव आहे, हलगी वाजवणाऱ्याचे, आणि त्यापुढे 'पायी' किंवा 'घरी' काहीच लिहिलेले नाही. तो दर वर्षी चालायचा, असे वडील म्हणाले. मग लिहिले का नाही, असे विचारले तर ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, 'तू लिही.' मी त्यांच्यासमोरच १९६४ पासूनच्या सगळ्या पानांवर लिहिले.

एक प्रश्न उरतो. १९७२ मध्ये शिधा नसलेली एकतीस माणसे वाटेत जेवली कुठे? वडिलांना भाळवणीच्या अलीकडची एक वस्ती आठवते. तिथे विहिरीला थोडे पाणी होते आणि मालकाने हुलग्याचे माडगे आणि भाकरी दिली होती. त्या भागातले कोणी इथे आहे का?

चिंचेखालचा
मी पहिल्यांदाच लिहितो आहे. आमची वस्ती त्याच रस्त्याला आहे. ती हीच, असे छातीठोकपणे सांगता येणार नाही, कारण त्या वर्षी पुष्कळ वस्त्यांनी दिंड्या जेवू घातल्या. आमच्या आजीने मात्र ती गोष्ट आम्हाला अनेकदा सांगितली होती. हुलगे बैलांसाठी राखून ठेवलेले होते आणि आजोबांनी ते दळायला काढले म्हणून ती त्यांच्याशी दोन दिवस बोलली नव्हती. विहीर अजून आहे. यंदा दिंडी इकडून गेली तर वडिलांना गाडीतून घेऊन या, त्यांना पाहिल्यावर कदाचित ओळखता येईल.

माणदेशी
पंचमीला निघतो. वडिलांना विचारले, ते यायला तयार आहेत.